प्रार्थनेत घेतलेले नाव

(उपदेशक, बायबल-भगिनी व गावमंडळ्या यांच्याकरिता पाठ)

वाचनाचे उतारे : प्रेषितांची कृत्ये १२:१-१७, रोमकरांस पत्र १६:१-१६, कलस्सैकरांस पत्र ४:१२-१३, २ योहान १२.



गेल्या काही वर्षांत आमच्या गावमंडळ्यांत एक नवी रीत पडली आहे. पूर्वी प्रार्थनासभेची घंटा वाजे, लोक कंदील घेऊन मंदिराकडे निघत, आणि जो आला नाही त्याच्या घरी उपदेशक दुसऱ्या दिवशी विचारपूस करण्यास जाई. आता घंटेबरोबर, आणि कित्येक ठिकाणी घंटेऐवजी, मोबाईल वाजतो. व्हॉट्सॲपवर मंडळीचा ग्रुप असतो. पहाटे त्यावर शास्त्राचा उतारा येतो, दुपारी कोणाच्या आजाराची बातमी येते, आणि रात्री दहा गावांतील दहा जण एकाच वेळी फोन कानाशी धरून प्रार्थना करितात.

ह्या रीतीविषयी मंडळीत दोन मते आहेत. कित्येक वडील मंडळींस ती नुसती करमणूक वाटते. ते म्हणतात की, गुडघे न टेकता अंगठ्याने केलेली प्रार्थना कसली? उलट कित्येक तरुण म्हणतात की, सारी मंडळी खिशात मावू लागली असता मंदिरापर्यंत पाय झिजविण्याचे प्रयोजन काय? आमच्या मते दोन्ही पक्ष घाई करीत आहेत. म्हणून ह्या पाठात आपण दोन प्रश्नांचा विचार करू. एकमेकांपासून दूर राहणारी माणसे प्रार्थनेच्या योगाने एक मंडळी कशी होतात, हा पहिला. आणि अशा प्रार्थनेत, मी कोण व कोणाचा, ह्याचे उत्तर माणसास कसे मिळते, हा दुसरा. ही प्रार्थना कोठे फसते हेही सांगणे आम्हांस प्राप्त आहे, कारण आम्ही स्वतः तिच्यात फसलो आहो.

१. दूरची प्रार्थना नवी नाही

दूर राहून प्रार्थना करणे हे मोबाईलने शिकविले असे कोणी समजू नये. शलमोन राजाने मंदिराचे समर्पण केले तेव्हाच्या प्रार्थनेत, परक्या देशी नेलेले लोक ह्या मंदिराच्या दिशेने तोंड करून विनवणी करितील, त्यांचेही ऐक, अशी मागणी आहे (१ राजे ८). दानिएल बाबेलात होता. तरी त्याच्या माडीच्या खिडक्या यरुशलेमेकडे उघड्या असत, आणि तो दिवसातून तीन वेळा गुडघे टेकी. आणि एपफ्रास पाहा. तो कलस्सैचा माणूस. पौलाजवळ दूर राहिला होता. पण पौल साक्ष देतो की, तो आपल्या गावच्या मंडळीकरिता, आणि लावदिकीया व हेरापली येथील लोकांकरिताही, प्रार्थनेत झुंजत असे. शरीराने दूर असलेला माणूस मंडळीतून वजा होत नाही, हे ह्या तिघांवरून दिसते.

मंडळीच्या इतिहासातही हेच आढळते. जर्मनीतील सॅक्सनी प्रांतात हर्नहूट नावाचे छोटे गाव आहे. स्वदेशातून पळून आलेल्या मोरेव्हियन लोकांची तेथे वसाहत होती. त्यांच्यात फार भांडणे झाली; पण सन १७२७ च्या उन्हाळ्यात समेट झाला, आणि त्याच वर्षी ऑगस्टात २४ पुरुष व २४ स्त्रिया यांनी दिवसाचे २४ तास वाटून घेऊन अखंड प्रार्थनेचा नेम धरिला. तो नेम पिढ्यान्‌पिढ्या, शंभर वर्षांहून अधिक काळ चालला. पुढील वर्षापासून तेथे दुसरी एक रीत पडली. दररोज शास्त्रातील एक वाक्य घरोघर पोहोचविले जाई. सन १७३१ पासून ही वाक्ये वर्षाच्या आरंभीच छापून निघू लागली. सन १७३२ मध्ये त्यांचे पहिले मिशनरी वेस्ट इंडीज बेटांकडे आणि १७३३ मध्ये ग्रीनलंडाकडे निघाले. तेव्हा ऊसमळ्यांच्या उष्ण बेटावरील भाऊ, बर्फातील भाऊ आणि गावी राहिलेली आई ही तिघे एकाच दिवशी एकाच वाक्यावर मनन करू शकत. पत्र पोहोचण्यास महिने लागत, पण त्या दिवसाचे वाक्य आधीच हाताशी असे.

आपल्या देशाकडे पाहू. सन १८५८ मध्ये पंजाबातील लुधियाना येथील अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने जगभरच्या ख्रिस्ती मंडळ्यांस विनंती केली की, जानेवारी १८६० मध्ये एक आठवडा सर्वांनी मिळून प्रार्थना करावी. विनंती आणि प्रार्थना यांत वर्षाहून अधिक अंतर ठेविले होते. पत्रे आगबोटीने जावयाची आणि तेथून गावोगावी पसरावयाची, म्हणून हा अवधी लागला. जानेवारीतील प्रार्थना-सप्ताह जो पुढे पुष्कळ देशांत रूढ झाला, त्याचा उगम ह्या विनंतीत आहे.

आणि पुणे जिल्ह्यातील केडगावचे मुक्ती मिशन तर आपल्या उंबऱ्यावरचेच. वेल्स देशातील आत्मिक जागृतीची वार्ता ऐकून पंडिता रमाबाईंनी सन १९०५ च्या आरंभी आपल्या मुलींस प्रार्थनेकरिता एकत्र येण्यास सांगितले. आरंभी थोड्या आल्या. जूनपर्यंत सुमारे साडेपाचशे जणी दिवसातून दोन वेळा जमू लागल्या, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस तेथे मोठी जागृती झाली. ह्या मुलींपैकी पुष्कळ दुष्काळातून वाचविलेल्या होत्या. कोणाच्या घरचे कोणी उरले नव्हते. एकत्र प्रार्थना करिता करिता त्या एकमेकींच्या बहिणी झाल्या. मुक्तीहून 'मुक्ति प्रेयर बेल' या नावाचे इंग्रजी पत्रकही निघत असे. त्याच्या नावाचा अर्थ मुक्तीची प्रार्थना-घंटा. केडगावात वाजविलेली घंटा समुद्रापलीकडच्या मित्रांस कशी ऐकू जावी? ती कागदावर छापून गेली.

कागद, आगबोट आणि छापखाना ही त्या त्या काळची साधने होती. आजचे साधन मोबाईल आहे. पण वरील प्रत्येक उदाहरणात एक गोष्ट ध्यानात घ्यावी. साधनाने मंडळी निर्माण झाली नाही. ज्यांनी एकमेकांचा भार अगोदरच उचलला होता, त्यांस साधनाचा उपयोग झाला.

२. टाळेबंदीत जन्मलेला ग्रुप

आता आमच्याकडची हकीगत सांगतो. आमच्या मंडळीतील पुष्कळ कुटुंबे कोरडवाहू गावांतील आहेत. दसरा-दिवाळीच्या सुमारास ती ऊसतोडीस जातात आणि पाडव्याच्या सुमारास परततात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत सुटका नाही. नाताळ दरवर्षी ह्याच हंगामात येतो. म्हणून ज्या रात्री मंदिरात दिवे लागतात, त्या रात्री आमची निम्मी मंडळी कोणत्या तरी कारखान्याच्या हद्दीत उसाच्या पाचटाच्या कोपीत निजलेली असते, किंवा रात्रीच्या गाडीत मोळ्या भरीत असते.

मार्च २०२० च्या २५ तारखेपासून देशभर टाळेबंदी झाली. मंदिरे बंद झाली आणि ऊसतोडीची माणसे जेथे होती तेथेच अडकली. शासनाने पुढे एप्रिलात तपासणी करून त्यांस गावी परतण्याची परवानगी दिली. परंतु १० एप्रिलचा उत्तम शुक्रवार आणि १२ एप्रिलचा पुनरुत्थानाचा सण त्यांनी कोपीतच काढिला. त्या पहाटे आमच्या एका तरुणाने ग्रुप तयार केला, आणि आम्ही आमच्या स्वयंपाकघरात बसून फोनवर उपासना चालविली. मध्येच आवाज तुटे, कोणाचे मूल रडे, कोठे कुत्रे भुंके. पण उपासना संपल्यावर कोणीही फोन ठेवीना. कोपीतील माणसे गावच्या माणसांस नावे घेऊन विचारू लागली की, अमका आहे ना, अमकी आहे ना. त्या दिवशी आम्हांस कळले की, ही माणसे प्रवचनाकरिता आली नव्हती. आपण अजून कोणाचे तरी आहो एवढे ऐकण्याकरिता आली होती.

महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबर २०२० रोजी उघडली, एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा बंद झाली, आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजी फिरून उघडली. मंदिर उघडले तरी ग्रुप राहिला; कारण हंगाम पुन्हा आला आणि माणसे पुन्हा गेली.

३. कोयता आणि नाव

ऊसतोडीच्या व्यवहारात नवरा व बायको मिळून जी जोडी होते तिला एक कोयता म्हणतात. एकटा माणूस असला तर तो अर्धा कोयता. मुकादम सांगतो, माझ्याकडे इतके कोयते आहेत. उचल कोयत्यावर ठरते, आणि खाडा पडला तर तोही कोयत्याच्या नावे लागतो. सहा महिने दिवसरात्र ह्या नावाने मोजला जाणारा माणूस हळूहळू आपणही स्वतःस तसाच मोजू लागतो. आपण हत्यार आहो, बोथट झालो की टाकून देतील, असे त्यास वाटू लागते. आणि गावात तरी काय होते? तेथे पिढ्यान्‌पिढ्या त्याची ओळख जातीच्या नावाने आणि वस्तीच्या नावाने होत आली.

आता रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय उघडावा. वाचताना आपण तो बहुधा ओलांडून जातो, कारण त्यात नुसती नावे आहेत. पौल तोपर्यंत रोमास गेला नव्हता. तरी त्या दूरच्या मंडळीतील वीसांहून अधिक माणसांस तो एकेकाचे नाव घेऊन सलाम सांगतो. प्रिस्का व अक्विला, प्रभूमध्ये पुष्कळ श्रम केलेली पर्सिस, अंप्लियात. ह्यांतील कित्येक नावे त्या काळी दासदासींत आढळणारी आहेत. धन्याच्या वहीत ज्यांची नोंद मालमत्तेत होत असेल, त्यांस प्रेषिताच्या पत्रात प्रिय, सहकारी, भाऊ, बहीण असे म्हटले आहे; आणि ते पत्र मंडळीत मोठ्याने वाचले जावयाचे होते. आपले नाव सर्वांसमक्ष वाचले गेले तेव्हा त्या दासास काय वाटले असेल, ह्याची कल्पना कोपीत निजणाऱ्या आमच्या भावास जितकी येईल तितकी आम्हांस येणार नाही.

म्हणून आम्ही म्हणतो की, प्रार्थनागट माणसास त्याची ओळख देतो ती उपदेशाने कमी आणि नाव घेऊन अधिक देतो. बाप्तिस्म्याच्या वेळी पाळक नाव घेतो ते एकदाच. प्रार्थनेत ते नाव पुन्हा पुन्हा घेतले जाते. माझे नाव कोणी तरी देवासमोर नेले, हे ज्यास ठाऊक आहे, त्यास दुसऱ्याने दिलेले हलके नाव पुरते चिकटत नाही. मेंढपाळ आपल्या मेंढरांस नावाने हाक मारितो, असे जे प्रभूने सांगितले (योहान १०), त्याचा एक अर्थ आम्हांस येथे दिसतो. मेंढपाळाची हाक मेंढरांस बहुतेक वेळा दुसऱ्या मेंढरांच्या मुखातूनच ऐकू येते.

४. न उघडलेले दार

इतके लिहून आम्ही थांबलो असतो तर हा पाठ सोपा झाला असता. पण प्रेषितांची कृत्ये ह्या ग्रंथाचा बारावा अध्याय आम्हांस थांबू देत नाही.

हेरोदाने याकोबास मारिले होते आणि पेत्रास तुरुंगात घातले होते. योहान मार्काची आई मरीया हिच्या घरी पुष्कळ जण रात्री एकत्र जमून प्रार्थना करीत होते. पेत्र सुटला आणि त्याच घराच्या दारी येऊन ठोकू लागला. रुदा नावाची मुलगी पाहण्यास आली. तिने आवाज ओळखिला. पण आनंदाच्या भरात दार न उघडताच ती आत धावली. आत बसलेल्यांनी तिला वेडी ठरविले. मग म्हणाले, त्याचा देवदूत असेल. ज्याच्याकरिता प्रार्थना चालली होती तो बाहेर काळोखात ठोकीत उभा, आणि प्रार्थना करणारे आत वाद घालीत बसलेले! त्यांची प्रार्थना खरी होती, ह्यात शंका नाही. पण प्रार्थना करणाऱ्यांनी उठून दार उघडावयाचे असते, हे ते घटकाभर विसरले.

डिसेंबर २०२२ मध्ये आम्हीही तेच केले. रात्री साडेनवाच्या सुमारास ग्रुपवर एका तरुण भावाचा निरोप आला की, माझ्या घरच्यांसाठी प्रार्थना करा. त्याची पत्नी सातव्या महिन्यात होती. मोळी डोक्यावर घेऊन गाडीच्या फळीवर चढताना ती पडली होती. मुकादम दुसऱ्या फडावर होता आणि वाहन नव्हते. निरोपात एवढे काही लिहिले नव्हते. पण कोणी विचारिलेही नाही. घटकेत ग्रुपवर जोडलेल्या हातांची चित्रे येऊ लागली. आम्हीही तेच चित्र पाठविले, अंथरुणावर बसूनच चार शब्द प्रार्थना केली, आणि निजलो.

आमच्या मंडळीत एक आजी आहेत. त्यांच्यापाशी फोन नाही आणि अक्षरओळखही नाही. पहाटे त्या मंदिराच्या ओट्यावर येऊन बसतात. त्या सकाळी आम्ही त्यांस सहज म्हणालो, "अमक्याच्या घरच्यांसाठी प्रार्थना करा, आजी." त्यांनी विचारिले, "घरचे म्हणजे कोण? तिला नाव नाही का?" आम्ही नाव सांगितले. मग त्यांनी दुसरा प्रश्न केला, "तिच्यापाशी गेलं कोण?"

आम्हांस उत्तर देता येईना. मग आम्ही फोन केला. तेव्हा सारा प्रकार कळला. त्या फडापासून अकरा किलोमीटरवर एका मंडळीचे पाळक आमच्या ओळखीचे होते. त्यांचा नंबर रात्रभर आमच्या उशाशी, त्याच फोनात होता. त्यांस सांगताच ते मंडळीतील एका भावाची जीप घेऊन गेले, आणि तासाभरात ती भगिनी दवाखान्यात पोहोचली. ती वाचली. तिचे मूल वाचले नाही.

रात्रीच गाडी गेली असती तर मूल वाचले असते की नाही, हे कोणासही सांगता येणार नाही, आणि ह्या सबबीमागे आम्ही लपतही नाही. पाडव्यास ते दोघे गावी परतले. आम्ही त्यांच्या घरी गेलो आणि क्षमा मागितली. तो भाऊ रागावला नाही. तो एवढेच म्हणाला, "पाळकसाहेब, बॅटरी संपेपर्यंत मी त्या रात्री ते हात मोजीत होतो. एकशे सात होते. मला गाडी एकच पाहिजे होती."

प्रिय वाचकहो, प्रार्थनागटाविषयी आम्हांस जे सांगावयाचे आहे ते सारे ह्या दोन प्रश्नांत आहे : तिला नाव नाही का? आणि, तिच्यापाशी गेले कोण? ज्या प्रार्थनेत नाव आहे आणि जिच्यामागून पाऊल निघते, ती दूर असली तरी मंडळीची प्रार्थना होय. उघड्या व उपाशी भावास ऊब घे, तृप्त हो, असे सांगून रिकाम्या हाताने पाठविणाऱ्यांविषयी याकोबाने आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात जे लिहिले आहे, ते जोडलेल्या हातांच्या चित्रासही लागू पडते. चित्र पाठविणे पाप नाही. पण चित्र पाठविले म्हणजे कर्तव्य झाले, असे मनास वाटून आपण निजलो, तर ते चित्र दाराची कडी होते.

५. आम्ही काय बदलले

त्या वर्षी मंडळीच्या वडिलांनी एकत्र बसून काही नियम केले. इतर मंडळ्यांस उपयोगी पडावेत म्हणून ते येथे देतो.

पहिला नियम : हंगामास निघण्यापूर्वीच्या रविवारी जाणाऱ्या प्रत्येकाचे नाव मंदिरात मोठ्याने वाचावे. पतीचे वेगळे आणि पत्नीचे वेगळे. फोन बहुधा पतीजवळ असतो, म्हणून ग्रुपवर स्त्रियांची नावे दिसतच नाहीत. ती वहीत असलीच पाहिजेत. प्रत्येकाच्या नावापुढे कारखाना, फडाचे गाव, आणि तेथून जवळची मंडळी व तिच्या पाळकाचा नंबर लिहावा.

दुसरा नियम : आजाराचा किंवा संकटाचा निरोप जो प्रथम वाचील त्याने आधी फोन करून विचारपूस करावी. मग प्रार्थना करावी. ग्रुपवर लिहावयाचे ते त्यानंतर, आणि तेही कोण गेले व काय पाहिजे एवढे लिहावे.

तिसरा नियम : दर बुधवारी रात्री नऊ वाजता वहीतील सर्व नावे घेऊन प्रार्थना करावी. आमच्याकडे हे काम त्या आजींकडे दिले आहे. एक शाळकरी मुलगी त्यांच्या ओट्यावर बसून नावे वाचते, आजी प्रत्येक नावानंतर आपल्या साध्या शब्दांत विनंती करितात, आणि मुलगी तो आवाज ग्रुपवर पाठविते. ज्यांस वाचता येत नाही त्यांसही तो ऐकू येतो, आणि ज्या आजीस फोन नाही ती आमच्या ग्रुपचा कणा झाली आहे. पाच फडांवर, पाच कोप्यांत, माणसे भाकरी हातात घेऊन आपले नाव येण्याची वाट पाहतात.

चौथा नियम : हंगामात निदान एकदा, शक्यतो नाताळाच्या आठवड्यात, मंडळीतील दोघांनी फडावर जावे. जाण्यायेण्याचा खर्च अर्पणातून करावा. योहानाने आपल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी लिहिले आहे की, सांगावयाचे पुष्कळ आहे, पण ते कागद व शाई यांनी सांगण्याची इच्छा नाही; समक्ष येऊन बोलण्याची आशा आहे. पत्र लिहिणाराच पत्राची मर्यादा सांगतो. ग्रुपचेही तसेच आहे. प्रभुभोजनाची भाकर तारेवरून वाटता येत नाही, आणि रडणाऱ्याच्या पाठीवर हात ठेवावयाचा तर हात तेथे असावा लागतो.

६. सावधगिरीच्या गोष्टी

प्रार्थनेच्या नावाने चुगली होऊ नये. अमक्याच्या मुलीचे लग्न मोडले, तिच्यासाठी प्रार्थना करा, असे लिहिणारा आपणास भाविक समजतो. पण ती गोष्ट तिच्या आईने तुमच्या कानात सांगितलेली असते, आणि ग्रुपवर शंभर कान असतात. ज्याचे दुःख त्याची परवानगी घेतल्यावाचून ते लिहू नये.

खात्री नसलेली वार्ता पुढे पाठवू नये. अफवांमुळे आपल्या देशात माणसे मारली गेली, म्हणून सन २०१८ मध्ये व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठविता येणार नाही, अशी मर्यादा घातली. कंपनीने जो लगाम घातला तो ख्रिस्ती माणसाने आधीच आपल्या जिभेस घातलेला असावा.

प्रार्थनेबद्दल पैसे मागणाऱ्या अनोळखी उपदेशकांपासून दूर राहावे. नाव घेऊन प्रार्थना करू, अमुक रक्कम पाठवा, असे जो म्हणतो त्यास तुमचे नाव ठाऊक नसते. त्यास तुमचा नंबर ठाऊक असतो.

कोणास ग्रुपमधून काढून टाकण्याची घाई करू नये. भांडण झाले की एका बोटाने माणूस वगळिता येतो. परंतु प्रभूने घालून दिलेला मार्ग (मत्तय १८) लांबचा आहे. आधी एकट्याने जावे, मग एकदोघांस बरोबर घ्यावे, मग मंडळीस सांगावे. जो गट माणसास नाव देतो, तो नाव पुसूही शकतो, हे चालकांनी भीत भीत लक्षात ठेवावे.

आणि शेवटची गोष्ट दाखवेगिरीची. चव्हाट्यावर उभे राहून लोकांनी पाहावे म्हणून प्रार्थना करणाऱ्यांविषयी प्रभूने इशारा दिला आहे, आणि खोलीत जाऊन दार लावून घेण्यास सांगितले आहे (मत्तय ६). ग्रुप हा चव्हाटाही होऊ शकतो आणि खोलीही. लांबलचक सुंदर प्रार्थना लिहिण्यापूर्वी, ही कोणी वाचणार नसते तरी मी केली असती काय, असे ज्याने त्याने आपल्या मनास विचारावे.

मंडळीत चर्चा करण्याकरिता प्रश्न

१. एपफ्रासाच्या प्रार्थनेस झुंज का म्हटले आहे? आपल्या प्रार्थनेत झुंज कोठे आहे?

२. मरीयेच्या घरी जमलेल्यांनी रुदाचे म्हणणे का मानले नाही? आपल्या मंडळीत कोणाचे म्हणणे आपण सहसा मानीत नाही?

३. आपल्या मंडळीतून कामास बाहेर गेलेले किती जण आहेत? त्यांची नावे, स्त्रियांची नावे धरून, वही न पाहता सांगता येतील काय?

४. आपल्या गावाजवळ बाहेरून आलेल्या मजुरांच्या कोप्या आहेत काय? त्यांच्या मंडळीने आज रात्री आपल्यास फोन केला तर आपल्यातून कोण जाईल?

ह्या चौथ्या प्रश्नाचे उत्तर नुसते तोंडी देऊ नये. जाणाऱ्याचे नाव लिहून मंदिराच्या दारावर लावावे, अशी उपदेशकांस आमची विनंती आहे.

ते तरुण जोडपे पुढील हंगामातही गेले. उचल फिटली नव्हती. नाताळच्या आठवड्यात आम्ही दोघे जण त्यांच्या फडावर गेलो तो दिवस बुधवार होता. रात्री नऊ वाजता कोपीच्या दाराशी फोन मध्ये ठेवून पाच-सहा माणसे बसली. आजींचा आवाज आला. त्या भगिनीचे नाव आले, आणि त्यापाठोपाठ आजींनी, जे मूल देवापाशी आहे त्याचीही आठवण केली. ती भगिनी काही वेळाने आम्हांस म्हणाली, "इथं मी अर्धा कोयता आहे, पाळकसाहेब. बुधवारी मात्र माझं पूर्ण नाव येतं."

देव करो आणि आपल्या मंडळ्यांत कोणाचेही नाव अर्धे न राहो. आणि जेथे नाव जाईल तेथे आपले पाऊलही जावो. आमेन.